दुर्गाडी ते कोलशेत, सुकतीच्या पाण्यावर

डोंबिवलीत कुणाला वेळ विचारली की तो घड्याळाकडे न बघता लोकल सांगतो. खाडीवरच्या माणसाला विचारली की तो आधी तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट करायची, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोकणकिनाऱ्यावर हे गणित पाढ्यांच्या आधी तोंडपाठ होतं. माझं माहेर-सासर दोन्ही डोंबिवलीचं, त्यामुळे मला ते चाळिशी उलटल्यावर, कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली एका टगच्या केबिनमध्ये शिकायला मिळालं. भाद्रपद वद्य त्रयोदशी होती. तेराचे पावणेदहा. पण हे पावणेदहा समुद्रकाठचे. वसईच्या तोंडातून आत शिरलेलं पाणी घोडबंदर, कोलशेत, मुंब्रा अशी वळणं घेत कल्याणला चढेपर्यंत बराच उशीर होतो. अकरा वाजून गेले तरी जलपर्णीचे पुंजके आमच्या शेजारून वरच्या अंगालाच चालले होते.

"पानी अजून चरतंय," टग चालवणारे तांडेलमामा म्हणाले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

मुंबई बंदरात मोठमोठी जहाजं वळवणाऱ्या ऐटबाज टग असतात, तशी ही नव्हे. बुटकी, रुंद, चारी बाजूंनी जुने टायर लटकवलेली, केबिनच्या पत्र्याला गंज चढलेली. मागे बांधलेला बार्ज मात्र तिच्या दुपटीहून मोठा. सपाट लोखंडी तराफाच तो. पुलाच्या पायासाठी खडक तपासायचं यंत्र आणि एक छोटी क्रेन त्याच्यावर होती. क्रेनचा हात खाली निजवून साखळ्यांनी जखडला होता, पण यंत्राचा मनोरा उभाच होता. बार्जला स्वतःचं इंजिन नाही की सुकाणू नाही. न्यायचा तिथे खेचून न्यायचा. कंत्राटदाराकडे माझा भाचा साइट इंजिनिअर आहे, त्याच्या वशिल्याने मला टगवर जागा मिळाली. अट एकच होती: मागच्या डेकवर, दोराच्या जवळ, अजिबात जायचं नाही. अट कशासाठी ते दोन तासांत कळणार होतं.

दुर्गाडीखाली थांबणं कंटाळवाणं नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं कोरलेली आहेत. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. जहाजबांधणीवर पोर्तुगीज कारागीर होते, ते 1659 मध्ये काम टाकून निघून गेले. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. पडलेला प्रश्न वेगळाच होता. इथे बांधलेलं गलबत वारा नसताना, वळणावळणांच्या या खाडीतून समुद्रापर्यंत नेत कसे असतील?

"सुकतीवर सोरायचा," मामांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "नि फुरं होरी बांधायची, वल्ह्यांनी खेचायची. दुसरा काय करनार? त्यांनाबी सुकतीच लागनार."

सुकती म्हणजे ओहोटी. मामा भिवंडीच्या अंगाच्या खाडीकाठचे आगरी. दहावी नापास झाल्या वर्षापासून पाण्यावर. इंजिनावर रत्नागिरीकडचे एक कोकणी मुसलमान चाचा होते, ते बोलत कमी आणि इंजिनाचा आवाज ऐकत जास्त. तिसरा काल्हेरचा एक पोरगा, खलाशी.

बाराच्या सुमाराला जलपर्णी थांबली. पाच-सात मिनिटं सगळी खाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि मग एक पुंजका हळूच खालच्या अंगाला सरकला. चाचांनी इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. दोर ताणला गेला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि बार्ज नाखुशीने हलला.

पहिला अर्धा तास मला वाटलं, यात काय एवढं? नदी नेते आहे, आपण जातो आहोत. डावीकडे कल्याणच्या इमारती, उजवीकडे कोन, पुढे तिवरांच्या रांगा. पण उधाणाचे दिवस, त्यात पावसाळा नुकता सरलेला. उल्हास बोरघाटाच्या डोंगरातून कर्जत, नेरळ, बदलापूर करत येते. काळू आणि भातसा यांचंही पाणी कल्याणच्या वरच तिला मिळतं. भरती असेतो हे सगळं पाणी तुंबून राहतं. सुकती लागली की साठलेली खाडी आणि मागून येणारी नदी दोन्ही एकदमच सुटतात. बघता बघता ओढ वाढली. काठावर एक माणूस झपाझप चालत होता, तो मागे पडला.

आणि मग बार्ज आमच्या अंगावर यायला लागला.

घाट उतरताना भरलेली बैलगाडी बैलांच्या मानेवर येते, तसंच हे. मामांनी जरा वेग कमी केला की दोर सैल पडून पाण्यात बुडायचा आणि बार्जचं तोंड एका बाजूला वळायचं. वेग वाढवला की दोराला हिसका बसायचा. त्यात सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहिलं तरच. पाणी मागून आपल्याबरोबरच धावत असेल तर सुकाणू पोकळ होतं. म्हणून प्रवाहाबरोबर जाताना पाण्यापेक्षा जोरात पळावंच लागतं. जितकं जोरात पळाल तितकं थांबणं अवघड, कारण मागच्या लोखंडाला ब्रेक नाही.

"खेचायला काय लागतंय ताई? कोनपन खेचंल," मामा म्हणाले. "थांबवून दाखवावा."

माझ्या लक्षात आलं की ते पुढे बघतच नव्हते. एक हात चाकावर, अंग तिरपं, मान जवळजवळ सतत मागे. मी तसं बोलून दाखवलं.

"फुरं पूल हाय. तो काय जागचा हालनार नाय. मागचा हालतंय, त्याला बगावा लागतं."

मागच्या डेकवर, दोराच्या हुकापाशी, काल्हेरचा पोरगा उकिडवा बसला होता. त्याच्या डाव्या हाताशी हुकाची कळ, उजव्या हाताशी खिळ्याला अडकवलेला कोयता. टगची सगळ्यात वाईट वेळ कोणती, हे मला चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. बार्ज प्रवाहात एका बाजूला धावला आणि दोर टगच्या मागून न येता कुशीतून ताणला गेला, तर ती जागच्या जागी आडवी होते. तेव्हा इंजिन कामाचं नाही, सुकाणू कामाचं नाही, दोर सोडायचा. हुकाची कळ ओढायची, आणि ती ताणाखाली अडकलीच तर कोयता. हा धोका जगभरच्या टगवाल्यांना ठाऊक आहे. मिसिसिपीसारख्या नद्यांवर तर बार्ज मागून ओढतच नाहीत, पुढे घट्ट जखडून ढकलत नेतात, म्हणजे टग आणि बार्ज मिळून एकच नौका होते. गोव्यात मांडवी-जुवारीवरून खनिज वाहणाऱ्या बार्जना स्वतःचीच इंजिनं असायची. आमच्या खाडीत ना तेवढी रुंदी ना तेवढा पैसा, म्हणून दोर, हूक आणि कोयता.

पाण्याखाली काय आहे हा आणखी एक विषय. गणपती होऊन फार दिवस झाले नव्हते. दुर्गाडीच्या गणेश घाटावर विसर्जन झालेल्या मूर्तींचे लाकडी पाट, बांबूंचे सांगाडे, निर्माल्याच्या पिशव्या अजून वाहत होत्या. पिशवी पंख्याला गुंडाळली तर पंखा थांबतो, सांगाडा लागला तर पातं वाकतं. आमच्या नशिबी जलपर्णी आली. चाचांनी एकदम वर बघून हात केला, इंजिनाचं तापमान चढत होतं. थंड करायला पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळीचा डबा असतो, तो त्यांनी नळी बंद करून उघडला. आत काळ्या केसाळ मुळ्यांचा गच्च बोळा, त्यात एक जिवंत इवलासा खेकडा आणि कुठल्या तरी दुर्गंधीचा वितळलेला थर. चाचांनी बोळा उपसून टाकला, खेकडा वेगळा काढून पाण्यात सोडला, झाकण आवळलं. या सबंध वेळात इंजिन मंद करता येत नव्हतं, कारण बार्ज मागे होताच. मी काट्याकडे बघत होते. मामा मागे बघत होते.

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीवर दोन पूल आहेत: मोठागाव-माणकोलीचा नवा, उंच आणि रुंद, आणि दिवा-वसई मार्गाचा रेल्वेपूल. पुलांच्या बाबतीत खाडीचं एक दुष्ट त्रैराशिक आहे. भरतीला खाली पाणी भरपूर, पण डोक्यावर जागा कमी. ओहोटीला डोक्यावर जागा, पण खाली पाणी नाही. बार्जवरचा मनोरा भरल्या पाण्यात रेल्वेपुलाखालून जाणार नव्हता. पाणी थोडं उतरायला हवं होतं. फार उतरू दिलं तर कोलशेतला जेट्टीपाशी चिखल उघडा पडणार. थोडक्यात, पुलाच्या वर कुठे तरी थांबून राहायचं होतं, आणि थांबणं हीच तर अडचण होती.

पुलाच्या बऱ्याच अलीकडे मामांनी टग वळवली. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे ओढ कमी असते तिथे नाळ घुसवली आणि पूर्ण जोर दिला. टग फिरली, दोर एका क्षणी आडवा झाला, पोरग्याचा हात कळीवर गेला, आणि मग मागून बार्जही प्रवाहाने आपसूक फिरून आमच्या खालच्या अंगाला लोंबकळला. आता आमचं तोंड कल्याणकडे होतं, इंजिन अर्ध्या जोरात पुढे चाललं होतं, आणि आम्ही जागच्या जागी उभे होतो. उभे आहोत की नाही ते कळायला मामांनी काठावरचं एक वाळकं तिवर आणि त्याच्या मागचा विजेचा मनोरा एका रेषेत धरले होते. रेष मोडली की रेस जरा कमी-जास्त.

असे आम्ही किती तरी वेळ उभे राहिलो. बाजूने पाणी खळाळत होतं, त्यामुळे डोळ्यांना आपण वेगाने पुढे चाललो आहोत असंच वाटत होतं. पुलाच्या खांबावर कालवांचा एक पट्टा आहे. तो भरल्या पाण्यात दिसत नाही. मामांना हवा होता तो त्याच्या वरच्या कडेखाली हातभर खांब. पट्टा उघडा पडत गेला. वरून एक मालगाडी निवांतपणे निघून गेली.

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. टग वळवलीच नाही. इंजिन पुढेच चालू ठेवून त्यांनी रेस थोडी उतरवली. पाणी आमच्यापेक्षा जोरदार झालं आणि आम्ही मागे मागे सरकू लागलो. प्रवाह वेगाने, आम्ही त्याहून हळू. वरून पाणी येत असल्याने सुकाणूला धार होती. पुलाखाली आधी बार्ज गेला, मागच्या पावली. तो डावीकडच्या खांबाकडे झुकला की मामा टग जराशी उजवीकडे न्यायचे, दोर तिरपा व्हायचा, बार्ज सरळ व्हायचा. मनोऱ्याचं टोक पुलाच्या पोलादाखालून गेलं तेव्हा मधली जागा माझ्या छत्रीच्या लांबीइतकी असेल. खांबांमध्ये पाणी अरुंद होऊन उसळतं. तिथे टगला एक गचका बसला, केबिनमधला चहाचा पेला माझ्या पायाशी फुटला. मामांची मान मागेच.

खाली मोकळ्या पाण्यात आल्यावर परत फिरलो, तोंड मुंब्र्याकडे. मी टाळ्या वाजवणार होते, पण तिघांचे चेहरे पाहून राहू दिल्या. हे त्यांचं नेहमीचं काम होतं.

दिव्यापासून पुढे डावीकडे पारसिकचा डोंगर उभा राहतो. लोकलच्या दारातून जन्मभर ही खाडी मी पाहिली होती, आता खाडीतून लोकल दिसत होती. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली आणि इथल्या गलबतांचा धंदा बसायला लागला. 1916 च्या पारसिक बोगद्याने गाड्यांचा रस्ता आणखी सरळ केला. पुढे पाण्यावर उरली ती मुख्यतः रेती. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, तिन्हीकडे रेतीबंदर नावाची जागा आहे, यावरून काय ते समजावं. पूर्वी डुबी लावत. बांबू रोवून, श्वास कोंडून, माणूस बादली घेऊन तळाशी जायचा. नंतर सक्शन पंप आले, बंदी आली, तरी पंप चालूच राहिले. महसूल खात्याची पथकं येतात, बार्ज आणि पंप कापतात, बुडवतात, जाळतात. कायद्याचं काम होतं, पण बुडवलेलं लोखंड तळाशीच राहतं आणि उपशाने पडलेले खड्डेही. मामांच्या डोक्यात त्यांचा सगळा नकाशा होता. "हितं बार्ज बसलाय," म्हणत त्यांनी सपाट दिसणाऱ्या पाण्याला मोठा वळसा घातला. पाण्यावर फक्त एक पुसट सुरकुती होती, तीही त्यांनी दाखवल्यावर दिसली.

वळणाचा साधा नियम त्यांनी इथे सांगितला. बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि ओढ जबर, आतल्या अंगाला गाळ आणि पाणी मंद. उतरताना मुंब्र्याच्या बाजूने खोल पाणी धरायचं, पण फार जवळ जायचं नाही, कारण आपण वळलो तरी मागचा बार्ज सरळ जायला बघतो आणि काठावर फेकला जातो. चढताना उलट, भिवंडीच्या बाजूने मंद पाण्यातून, तळ सांभाळत.

कळव्यापाशी ठाण्याच्या खाडीचं तोंड लागतं. साष्टी बेट आहे ते या फाट्यामुळेच: उल्हासचं पाणी इकडे वसईला जातं, तिकडे मुंबईच्या बंदराला भिडतं, आणि भरती दोन्हीकडून येते. इथे बार्ज डाव्या अंगाला ओढला गेला. चाचांनी न सांगता रेस दिली.

हा सगळा मार्ग कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहे. 2016 च्या कायद्याने देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यात आमचा क्रमांक 53, लांबी 145 किलोमीटर. भाईंदर-वसई रो-रो फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, ती चांगलीच झाली. कल्याण-ठाणे प्रवासी बोटींच्या बातम्या मात्र मी इतकी वर्षं वाचते आहे की आता त्यात फक्त मंत्र्याचं नाव बघते. नकाशावर निळी रेघ ओढली म्हणून तळातला गाळ सरकत नाही आणि पूलही उंच होत नाहीत. रोज ठरलेल्या वेळेला बोट सोडायची असेल तर ओहोटीलाही पुरेल असा खोदलेला मार्ग हवा, त्याच्या कडेला खुणा हव्यात, रात्रीचे दिवे हवेत. कल्याणपासून कोलशेतपर्यंत मला एकही बोया दिसला नाही. दिसली ती काठीला बांधलेली एक लाल चिंधी, आणि तीही मच्छीमाराच्या जाळ्याची निघाली.

साकेत, मग कशेळी. कशेळीला जुना रस्त्याचा पूल, मुंबईला पाणी नेणाऱ्या अजस्र जलवाहिन्या आणि मेट्रोचे खांब अशी दाटीवाटी आहे. पाणी आता बरंच उतरलं होतं, डोक्यावर जागा मुबलक होती, म्हणून मामांनी इथे सरळ तोंडाने उडी घेतली. पुलाच्या फार आधीपासून त्यांनी दोन खांबांमधली मधली रेषा धरली. एकदा आत शिरलं की सुधारायला वेळ नसतो. आत शिरताना ते पहिल्यांदा पूर्ण वेळ समोर बघत होते. मी विचारलं नाही. बाहेर पडल्यावर मान परत मागे गेली.

कोलशेतला पोहोचलो तेव्हा जेट्टीच्या दोन्ही अंगांना चिखल चकाकत होता. इथेही तीच रीत. आधी जेट्टीच्या खाली जायचं, तिथे वळून पाण्याला तोंड द्यायचं आणि नाळ जेट्टीकडे किंचित तिरपी करायची. वरून येणारं पाणी टगच्या कुशीला लागतं आणि तीच ओढ तिला बाजूला, जेट्टीकडे नेते. एवढा वेळ जिच्याशी झगडलो तिच्याकडूनच मामांनी शेवटची पन्नास-साठ फुटं काढून घेतली. टायर चुरचुरले. पोरग्याने उडी मारली, खुंटाला फास टाकला.

जेट्टीवरचा सुपरवायझर चिडलेला होता. ऑफिसने त्याला दोनची वेळ सांगितली होती, हायड्रा क्रेन येऊन उभी होती, तिचं तासाचं भाडं चढत होतं. मामांनी त्याला पाणी दिलं, स्वतः प्यायले, आणि बार्ज बांधायला लागले. दोर ते घट्ट बांधू देईनात. अजून पाणी उतरणार, बार्ज चिखलावर बसणार, दोर आवळलेला असेल तर खुंट उपटेल किंवा बार्ज एका अंगावर लटकेल. रात्री पाणी चढलं की हाच सैल दोर फार सैल होईल, तेव्हा ओढून घ्यायला कुणी तरी जागं हवं. उद्या चतुर्दशी, चौदाचे साडेदहा, टग घेऊन भरतीवर परत कल्याणला. त्याआधी रात्रीची पाळी काल्हेरच्या पोराची. त्याचं घर समोरच्या काठावर होतं, छपरं दिसत होती, पण जाता येत नव्हतं. त्याने कोयता धुऊन खिळ्याला अडकवला आणि मला विचारलं, "ताई, वर जेट्टीव नेट येतं का बगा ना. रातची मॅच हाय."